रात्रपाळी

भिंतींना चादरी ठोकल्यात आम्ही.
सेकंडच्या. काठाला रंग फुटलेल्या,
एकीवर मोराला दोन माना.
पुण्याला म्हणे फोम लावतात आवाज प्यायला.
इथं अशोक चौकात
आवाज मोर पितात.

खाली टॉवेलचं गोडाऊन,
वर मी, हप्त्यावरचा मिक्सर,
आणि काचेपलीकडं मल्लेशम बोगा,
गळ्यात सॅक्सोफोन, पायात काहीच नाही,
कारण स्लिपर वाजते.

सॅक्सोफोन बंद पडलेल्या बँडचा.
वीस वर्षं घोड्यांच्या मागं चालला,
पितळेवर अजून कुणाच्या तरी हळदीचा डाग.
खालच्या सुराची गादी गळायची,
तिथं चपलेचं कातडं कापून बसवलंय त्यानं.
म्हणून तो सूर आधी जरा खोकतो
आणि मग बोलतो.
मी म्हटलं, काढू का तो खोकला?
म्हणाला, राहू दे बे,
आई बिड्या वळते माझी,
आमच्या घरात न खोकता कोण बोललंय?

पतसंस्थेच्या अर्जावर
कर्जाचं कारण लिहिलंय : मशिनरी.

सात ट्रॅक. चार जणं.
दस्तगीरचा ड्रम, वरातीतून सुटलेला.
बेसवर इराण्णा, जो बोलत नाही.
शमुवेल चर्चमधून सुटून येतो
आणि आल्याआल्या कीबोर्डवर असं काही करतो
की रविवारी त्याला माफी मागावी लागत असेल.

मल्लेशम मोजतो तेलुगूत.
‘ओकटी’ एवढंच मोठ्यानं.
दोन, तीन, चार ओठातल्या ओठात,
कारण या संगीतात एकच खरा असतो, तो म्हणतो,
बाकीचे त्याच्याकडं निघालेले.

पाचवा ट्रॅक बसेना.
पंखा बंद, माइकला ऐकू जातो.
एप्रिल. रात्रीचे साडेबारा, आणि पत्रा अजून दुपारचाच.
मळ्ळी, मल्लेशम म्हणतो. पुन्हा.
मळ्ळी.
अकराव्या वेळी इराण्णा पहिल्यांदा बोलला :
पाणी.

दीडला लाइट गेली. अंधारात चौघं
शेंगाची चटणी न् कडक भाकरी खात बसले,
आणि त्या मोडण्याच्या आवाजात जो ठेका होता
तो अख्ख्या पाचव्यात नव्हता.

लाइट आली तशी शेजारचे माग सुटले.
खट्-खटाक्, खट्-खटाक्, चादरीतून, मोरांतून.
संपलं, मी म्हटलं, आता सकाळीच.
तेवढ्यात जिना चढून किष्टय्या.
चाळीस वर्षं मागावर, कानानं गेलेला,
बनियनवर सूत चिकटलेलं.

भिंत कोण मारतंय, त्यानं विचारलं.
दस्तगीरनं पाय उचलून दाखवला.
तो बरा आहे, किष्टय्या म्हणाला,
पण दुसरं एक कोणतरी येतंय भिंतीतून,
ते धोट्याच्या मागं पळतंय.
धोट्याच्या मागं पळू नये बाबा.
तो येतोच परत.

मल्लेशम काही बोलला नाही.
तोंडातली पट्टी काढून पुसली, परत लावली.
ओकटी.

आणि मग त्यानं वाजवलं नाही.
दोन फेऱ्या नुसताच उभा,
माग जाऊ दिला, बेस जाऊ दिला,
तिसऱ्या फेरीला एकच सूर टाकला, खालचा, खोकणारा,
बरोबर तिथं, जिथं धोटा काठाला टेकतो
आणि कुणालाच कळत नाही की तो आता वळणार आहे.
किष्टय्याचा तळवा माझ्या टेबलावर पसरलेला,
डोळे मिटलेले,
मिक्सरच्या सुया लालमध्ये.
मी बटणाला हात लावला नाही.

पुण्याहून फोन आला :
पाचव्यात मागं मशीन ऐकू येतंय, साफ करू का?
म्हटलं, नको, त्याचं नाव लिहायचंय कव्हरवर.

दोनशे कॉपी. एकशे बारा पडून आहेत,
टॉवेलच्या गठ्ठ्यांखाली.
एक किष्टय्याला दिली.
मला काय ऐकू येणार, तो म्हणाला,
आणि ती मागाच्या चौकटीत खोचली,
जिथं एक पट्टी कधीची सैल होती.

हप्ता पाच तारखेला जातो.